चौदा पोरं, आठ दिवे आणि शनिवार तेली

दिवस पहिला, रविवार

शनिवारी आकाशात तीन तारे दिसले, शब्बात म्हणजे आमचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस सुटला, लगेच बॅगा उचलून विमानतळ आणि रविवारी सकाळी मुंबई. चौदा पोरं, सगळी 16-17 वर्षांची, इस्राएलमधली, कुणी दिमोनाचं कुणी अश्दोदचं, बेर शेवा, लोद, रामला, आणि सगळ्यांचे आजीआजोबा नाहीतर पणजीपणजोबा इथून कोकणातून गेलेले. सोबत मोठी माणसं दोनच. एक मी, मूळची पेणची, 19 वर्षांची असताना गेले ती आता अश्दोदला तीस वर्षं झाली. दुसरा बेर शेवाचा इतिहासाचा मास्तर, त्याची बायको आपली आहे, तो नाही, त्याला मराठीत एकच शब्द येतो, "पुरे", आणि तो सासूने ताट वाढताना वाढताना शिकवलाय.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, आम्ही बेने इस्राएल म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. कोकणात धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद म्हणून लोक शनिवार तेली म्हणायचे. आडनावं सगळी गावावरून, पेणकर रोहेकर किहीमकर नवगावकर पेझारकर आष्टमकर, शंभराच्या वर असतील. 1948 च्या आसपास भारतात आम्ही वीसेक हजार होतो, आता चार-पाच हजार, बाकी सगळे तिकडे इस्राएलला.

इमिग्रेशनच्या काउंटरवर आमच्या दिमोनाच्या लांब्याचा पासपोर्ट बघून साहेबाने विचारलं, "किहीमकर? अलिबागचे काय तुम्ही?" पोराला मराठी शष्प कळत नाही पण तो वळून माझ्याकडे बघायला लागला, कारण हिब्रूत लिहिताना स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे शाळेत दर वर्षी नवीन बाई त्याचं आडनाव नवीन पद्धतीने वाचते, आणि इथे एका अनोळखी माणसाने पहिल्या झटक्यात बरोबर वाचलं आणि वर गावही सांगितलं. बसमधे बसेपर्यंत तेच चालू होतं, त्याने बरोबर वाचलं, त्याने बरोबर वाचलं. त्या दिवसापासून मी सगळ्यांना आडनावानेच हाका मारायला लागले. एक लोदची मुलगी सोडून. तिच्या आजोबांनी तिकडे गेल्यावर आडनाव बदलून हिब्रू घेतलं होतं आणि मूळ गाव कुठलं ते तिला माहीत नव्हतं. "मला काय म्हणणार?" म्हणाली. म्हटलं बघू.

मुक्काम ठाण्यात, सिनेगॉगपासून चालत सात-आठ मिनिटांवर, शनिवारी गाडीत बसायचं नाही म्हणून तशीच जागा शोधलेली. ठाण्याचं शआर हाशामाइम 1879 चं. संध्याकाळी तिथली पोरं भेटायला आली, ती पण पंधरा-सोळाच. सुरुवातीला दोन भिंतींना दोन टोळ्या, मधे आम्ही बायका. त्या दिवशी हनुकाचा, म्हणजे रोज एक दिवा वाढवत जायच्या आठ दिवसांच्या सणाचा, पहिला दिवा होता, जेरुसलेमचं मंदिर परत शुद्ध केलं तेव्हा एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं त्याची आठवण. आता हनुका म्हटलं की आमच्या पोरांना सुफगानिया पाहिजेत, जॅम भरलेले ते तळलेले डोनट. ठाण्याच्या एका काकूंनी विचारलं की तेलात तळलेलंच पाहिजे ना, चमत्कार तेलाचाच ना, मग घ्या, आणि कांदाभजीची परात पुढे ठेवली. दहा मिनिटांत परात रिकामी आणि दोन टोळ्यांची एक झाली.

मास्तरांनी मला त्या रात्री एक गोष्ट विचारली ती आठवडाभर डोक्यात राहिली. आमच्याकडे परंपरेने सांगतात की जेरुसलेमचं मंदिर परत शुद्ध झालं त्याच्याही आधी आम्ही तिकडून निघालो, म्हणून आमच्या जुन्या सणांत हनुका नव्हताच. पुरीम होता, त्याला होळीचा सण म्हणायचे. योम किप्पूर म्हणजे दारफळणीचा सण. रोश हशाना नव्याचा सण. तिशा बआव म्हणजे बिरड्याचा रोजा. हनुका मात्र नाही, तो पुढे 19 व्या शतकात कोचीनहून शिकवायला आलेले ज्यू आणि इतर लोकांकडून आमच्याकडे नीट रुजला. मास्तर म्हणाले म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तेल काढणारे लोक आणि तुम्हालाच तेलाचा सण माहीत नाही? काय उत्तर देणार. झोपले.

दिवस दुसरा, सोमवार

ठाण्याहून लोकलने मशीद बंदर. चौदा पोरं लोकलमधे चढवणं हा वेगळा लेख होईल. सकाळी दहानंतर निघालो तरी रोहेकर दारातच अडकला आणि मागून एक काका "आत चल रे शहाण्या" म्हणाले तर हा खूश, कारण त्याची आजी त्याला घरी नेमकं हेच म्हणते. त्याला वाटायचं शहाण्या ही शिवी आहे. तशी आहेच म्हणा.

मशीद बंदरला सॅम्युअल स्ट्रीटवर शआर हारहमीम, मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, 1796 चं, सध्याची जागा 1860 ची. ते बांधलं सामाजी हसाजी दिवेकर यांनी म्हणजे शमुवेल इझिकेल दिवेकर, कंपनीच्या फौजेत अधिकारी होते, टिपूच्या लढाईत पकडले गेले. आमच्याकडे गोष्ट अशी सांगतात की टिपूने विचारलं तू कोण, हे म्हणाले बेने इस्राएल, आणि टिपूची आई म्हणाली की यांचं नाव कुराणात आहे, याला सोड. सुटून आले आणि नवस फेडल्यासारखं सिनेगॉग बांधलं. आमची म्हातारी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणायची, आणि स्टेशनचं नाव आमच्या या जुन्या मशिदीवरून पडलं असं आमच्यात छातीठोकपणे सांगतात. मुसलमान वस्ती आहे सगळी भोवती, शेजारच्या दुकानदाराने पोरांना पाण्याच्या बाटल्या दिल्या आणि पैसे घेईना.

पोरांना टिपूपेक्षा जास्त मजा नावांची आली. शमुवेलचा सामाजी, इझिकेलचा हसाजी, अब्राहामचा आबाजी, बिन्यामीनचा बुनाजी. जेवायला बसेपर्यंत सगळ्यांनी आपापल्या नावाला "जी" लावून घेतलं होतं आणि मास्तरांना सुद्धा. दोन दिवस तेच.

भायखळ्याचं मागेन दाविद बघितलं, डेव्हिड ससूनचं, निळा रंग आणि वर घड्याळाचा मनोरा, शेजारी ससूनांची शाळा, तिथे आता जवळजवळ सगळी मुलं मुसलमान. मधल्या सुट्टीत दोन्हीकडच्या पोरांनी कंपाउंडच्या गजातून क्रिकेट की फुटबॉल असा वाद घातला, कुठल्या भाषेत घातला देव जाणे. मग फोर्टात केनेसेथ एलियाहू, 1884 चं, 2019 ला रंगरंगोटी करून परत उघडलं ते. खरं सांगू, सुंदर आहे, खांब काय काचा काय, पण ही बगदादी, म्हणजे बगदादकडून आलेल्या श्रीमंत ज्यूंची देवळं, आमच्या लोकांना त्यात एके काळी बरोबरीने वागवत नव्हते हे मी पोरांना सांगितलं. सगळं गोड गोड सांगायला मी काही टुरिस्ट गाईड नाही. प्रत्येक ठिकाणी बाहेर बंदूकवाले पोलीस आणि पासपोर्टची नोंद, आपल्या पोरांना त्याचं काही वाटत नाही, ठाण्याच्या पोरांनाही नाही, तेवढं एक दोघांचं सारखं.

दुसरा दिवा लॉजच्या गच्चीत. वारा. तीनदा विझला.

दिवस तिसरा, मंगळवार

भाऊच्या धक्क्यावरून रोरो, बस सकट बोटीत. तासाभरात मांडवा. पोरांनी सगळी बिस्किटं सीगल पक्ष्यांना घातली आणि मग मांडव्याला भूक लागली म्हणून गोंधळ. आमच्याबरोबर ठाण्याची सहा पोरं पण आली होती, कॉलेजला दांड्या मारून.

मांडव्याहून किहीम. रस्त्यावर किहीमचा बोर्ड आला तशी बस थांबवावीच लागली. लांब्या उतरला, बोर्डाला हात लावला आणि मग ते बोट ओठाला लावलं, आपण दारावरच्या मेझुझाला, म्हणजे आत पवित्र लेख असलेल्या चौकटीवरच्या डबीला, करतो तसं. चेष्टेत केलं असेल आधी, पण केल्यावर कुणी हसलं नाही आणि त्याला स्वतःला कळेना आता काय करायचं, मग फोटो काढला एकदाचा.

तिथून नवगाव. आमची मूळ गोष्ट इथली. गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली ती इथे पुरली, आणि त्या सात जोडप्यांपासून आम्ही. पुस्तकं गेली, प्रार्थना विसरली, शमा ही एक प्रार्थना तेवढी राहिली, शब्बात राहिला, सुंता राहिली, खवल्याशिवायचा मासा न खाणं राहिलं. कधी झालं हे, दोन हजार वर्षांपूर्वी का नंतर, त्यावर विद्वानांचं एकमत नाही आणि माझ्या आजीला त्याची काही पडलेली नव्हती. ती म्हणायची सात आणि सात, बस. जुनं कब्रस्तान आहे, स्मारकाचा खांब आहे, आजूबाजूला माड आणि पलीकडे समुद्राचा आवाज. पोरं मोजत बसली, आपण पण चौदाच की! सात मुलगे सात मुली. मी मुद्दाम केलं नव्हतं हो, निवड झाली तशी झाली. पण मग लगेच कोण कुणाबरोबर ह्यावर चिडवाचिडवी सुरू झाली आणि मास्तर ओरडले की ही कब्रस्तानाची जागा आहे.

मास्तरांनी कद्दीश, म्हणजे मेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हटलं. ज्यांच्यासाठी म्हटलं त्यांचं एकाचंही नाव कुणाला माहीत नाही.

दुपारी अलिबाग. इस्राएल आळी. मी लहानपणी इथे मावशीकडे यायचे तेव्हा प्रत्येक घरातून कोणीतरी हाक मारायचं. आता मोजकी घरं. पण चौकटीवर बघा, जिथे मेझुझा होता तिथे रंगाखाली तिरकी खूण दिसते अजून, घर विकलं गेलं तरी. पेझारकर पोरीने अशा पाच खुणा शोधल्या. एका घरातल्या वहिनी बाहेर आल्या, हिंदू, त्यांना वाटलं काही पडलंय का. कळल्यावर म्हणाल्या आम्ही घर घेतलं तेव्हा सासूबाईंनी ती काढायला नको म्हटलं होतं, देवाचं आहे ना, पण मग पेंटरने काढली. आणि आत बोलावून सगळ्यांना कोकम सरबत. वीस जणांना. साखर संपली त्यांची, मी शेजारून आणून दिली.

मागेन आबोत सिनेगॉग 1848 चं, नंतर 1910 ला परत बांधलेलं. शमाशने, म्हणजे सिनेगॉग सांभाळणाऱ्याने, लाकडी कपाट उघडून सेफर तोरा, म्हणजे हाताने लिहिलेली धर्मग्रंथाची गुंडाळी, दाखवला. तिथे लोदच्या मुलीने मला बाजूला घेतलं आणि म्हणाली सगळे बोर्डाजवळ फोटो काढतायत, मी काय करू. मी तिला सांगितलं, लाव आत्ता आजीला फोन. व्हिडिओ कॉलवर म्हातारी आधी मला ओळखायच्या मागे, तू कुणाची, पेणची का, अमक्याची नात का, पंधरा मिनिटं आमचंच चाललं. मग पोरीने हिब्रूत विचारलं तसं म्हातारी मराठीत म्हणाली, "अगं आपण वाकरूळचे ना. वाकरूळकर. तुझ्या आजोबाला तिकडच्या क्लार्कने सांगितलं हे नाव कुणाला म्हणता येणार नाही, तर त्याने टाकलं." आणि पुढे म्हणाली, मला कुणी कधी विचारलंच नाही म्हणून मी सांगितलं नाही. मी भाषांतर करताना हे शेवटचं वाक्य गाळलं. मग रात्री परत जाऊन सांगितलं.

वाकरूळ पेण तालुक्यातच. गुरुवारी आम्ही पेणला जाणारच होतो.

दिवस चौथा, बुधवार

आज तेल.

बैलाचा घाणा आता बघायला मिळणं मुश्कील, पण लाकडी घाण्याचं तेल परत फॅशनमधे आलंय त्यामुळे अलिबागजवळ एका मुलाने मोटरवर चालणारा लाकडी घाणा टाकलाय. तो काही आपला नाही, त्याने यूट्यूबवर शिकून सुरू केलाय. खाली लाकडी उखळ, त्यात उभी लाट गरगर फिरते, आत सुक्या खोबऱ्याचे तुकडे. सुरुवातीची दहा मिनिटं काहीच होत नाही नुसता करकर आवाज आणि भुसा, पोरं कंटाळून मोबाईलमधे. मग आवाज बदलतो, जड होतो, आणि खालच्या नळीतून आधी गढूळ थेंब आणि मग धार. वासच असा आला की सगळे मोबाईल खिशात. नवगावकरने धारेखाली बोट धरलं आणि चाटून म्हणाला हा वास माझ्या आजोबांच्या केसांचा. मग सगळ्यांनी बोटं धरली, घाणेवाला बिचारा अहो अहो करत राहिला. उरलेली पेंड चाखून थुंकून पण झाली. शनिवारी चालू असतो का विचारलं तर म्हणाला शनिवारी तर सगळ्यात जास्त गिऱ्हाईक. आमची हसून पुरेवाट, त्याला कळेना काय झालं, मग त्याला शनिवार तेलीची गोष्ट सांगितली. तो म्हणाला माझी आजी म्हणायची हे, मला वाटायचं शनीला तेल वाहतात ते.

पाच लिटर विकत घेतलं आणि छोट्या बाटल्यांत भरून प्रत्येकाला एक.

दुपारी खंडाळा, घाटातलं नाही, अलिबागजवळचं. तिथे कातळावर एलियाहू हनाबी म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या रथाच्या चाकाची आणि घोड्याच्या टापांची खूण आहे, तिथून तो स्वर्गात गेला अशी आमच्या लोकांची श्रद्धा. जगातल्या बाकी कुठल्या ज्यूला हे सांगा, हसेल. आमच्या मास्तरांनाही आधी हसू आलं होतं, मी बघितलं. पण आमचं लग्न असो, बाळंतपण असो, परदेशगमन असो, एलियाहू हनाबीला मलिद्याचा नवस बोलल्याशिवाय पान हलत नाही. माझ्या आईने मी विमानात बसायच्या आधी बोलला होता, आणि मी तिकडे पोचल्यावर तिने इथे केला.

मलिदा आम्ही तिथेच केला. पोहे धुवून निथळून, त्यात खवलेला नारळ, साखर, वेलची, बदाम, बेदाणे. नारळ खवायला पोरांना बसवलं. विळीवर बसता येईना एकालाही, मांडीच घालता येत नाही यांना. शेवटी ठाण्याच्या एका मुलाने खवले आठच्या आठ नारळ, आणि आमची पोरं त्याच्याकडे कमांडोकडे बघावं तशी बघत होती. मोठ्या ताटात मधे पोह्यांचा ढीग, भोवती पाच फळं, केळी सफरचंद खजूर चिकू संत्री, वर गुलाब आणि सब्जाची काडी. मग एलियाहू हनाबीचं गाणं, आणि एकेका गोष्टीवरची वेगळी बराखा म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना, झाडाच्या फळाची वेगळी जमिनीतल्याची वेगळी वासाची वेगळी. गाणं आमच्या सगळ्या पोरांना पाठ निघालं. चालीसकट. घरी प्रत्येक मेंदीला लग्नाला ऐकलेलं असतं, फक्त ते तिकडे हॉलमधे स्पीकरवर असतं आणि मलिदा कागदी डिशमधे. किहीमकर मला म्हणाला, म्हणजे आम्ही घरी जे खातो ते इथलं आहे? अरे बाबा मग कुठलं असणार?

मास्तरांनी तीनदा घेतला मलिदा आणि "पुरे" म्हणाले नाहीत.

रात्री चौथा दिवा, घाण्याच्या तेलाचा. हनुकियात म्हणजे हनुकाच्या दिवादानीत छोट्या वाट्या, त्यात खोबरेल आणि कापसाची वात. ऑलिव्हच्या तेलाची ज्योत पिवळी असते, ही जरा पांढरट वाटली आणि घरभर वास. हाच तो तेलाचा सण नसलेल्या तेल्यांचा दिवा. मास्तर माझ्याकडे बघून हसले, मी पण.

दिवस पाचवा, गुरुवार

पेण. माझ्याबद्दल थोडक्यात उरकते. घर नाही, तिथे चार मजली बिल्डिंग आहे, खाली मोबाईलचं दुकान. परसातलं जांभळाचं झाड पण गेलं. बेथ हाएलोहीम सिनेगॉग 1863 चं, आहे उभं. माझ्या धाकट्याने मेसेज करून विचारलं होतं फोटो पाठव घराचा, मी मोबाईलच्या दुकानाचा पाठवला.

बसचं एसी बंद पडलं, ड्रायव्हर म्हणाला गॅस संपला, मालक फोन उचलेना, मग खिडक्या उघडल्या तर पोरांना तेच आवडलं. पेणच्या एसटी स्टँडवर आमच्या दोन पेणकरांनी, एकमेकांचे कुणी नाहीत, फक्त आडनाव एक, प्रत्येक पेण लिहिलेल्या एसटीसमोर उभं राहून फोटो काढले, कंडक्टरने घंटी वाजवून हाकललं तेव्हा आवरलं.

मग वाकरूळ. लोदची मुलगी सकाळपासून गप्प. गाव साधंच, भाताची कापणी झालेली, खळी रिकामी, कुत्री भुंकतायत एवढी परदेशी मंडळी बघून. आमचं तिथे काही नाही. सिनेगॉग नाही, कबरी सापडल्या नाहीत, फार शोधल्याही नाहीत. पारावर एक म्हातारे बसलेले, कानाने कमी. मी ओरडून विचारलं, बाबा इथे शनिवार तेल्यांचं घर होतं का? ते म्हणाले कोण? मी परत. मग म्हणाले, "हां, ते जी, सुट्टीवाले तेली. माझ्या बापाच्या वेळचे. विहिरीच्या मागं." आणि काठीने हात केला. विहिरीच्या मागे आता निवडुंग आणि एक मोडका चौथरा, त्यांच्याच घराचा का दुसऱ्याचा देव जाणे.

पोरगी चौथऱ्यावर चढून उभी राहिली. फोटो नको म्हणाली. खिशातनं ती तेलाची छोटी बाटली काढली, मला वाटलं आता ही ओतते की काय, पण नुसती हातात धरून उभी राहिली आणि परत खिशात ठेवली. मग खाली उतरून म्हातारेबाबांसमोर जाऊन छातीवर हात ठेवून म्हणाली, "वाकरूळकर." ते म्हणाले हो हो, बस, चहा घे.

त्या दिवसापासून तिलाही आडनावाने हाक.

पनवेलला बेथ एल सिनेगॉग पाच मिनिटं बघितलं, ट्रॅफिक, ठाणे रात्री नऊला. पाचवा दिवा उशिरा लागला.

दिवस सहावा, शुक्रवार

सकाळपासून स्वयंपाक. ठाण्याच्या काकूंकडे चार घरांत पोरं वाटून दिली. आमच्या गटाने चिकाचा हलवा केला, गव्हाचा चीक, नारळाचं दूध, साखर, आणि ढवळायचं. तासभर. हात काढायचा नाही. नारळाचं दूध का, तर मटणाच्या जेवणानंतर गाईम्हशीचं दूध चालत नाही आपल्याला, आणि कोकणात नारळ दारात, प्रश्न मिटला. एकेकाने पाळीपाळीने ढवळलं, नवगावकरचा हात थांबला आणि तळाला लागला, काकू म्हणाल्या राहू दे, लागलेलाच पोरं भांडून खातात. खरंच भांडली.

संध्याकाळी आधी हनुकाचे सहा दिवे आणि मग शब्बातचे, तो क्रम चुकवायचा नाही, आणि वाट्यांत तेल जास्त, कारण एकदा शब्बात लागला की परत घालता येत नाही. सिनेगॉग भरलेलं. हझान म्हणजे प्रार्थना गाणारे, त्यांची चाल आमच्या पोरांना वेगळी वाटेल असं मला वाटलं होतं, पण दिमोनाची पोरं सुरुवातीपासून बरोबर गात होती. तिकडे त्यांच्या सिनेगॉगमधे हीच चाल आहे, आमची माणसं जाताना घेऊन गेलेली.

दिवस सातवा, शनिवार

काही नाही केलं. शनिवार तेली.

म्हणजे बसून बोललो. ठाण्याच्या मुलाने विचारलं तुम्ही सगळे 18 व्या वर्षी आर्मीत जाता, भीती नाही वाटत? रोहेकर म्हणाला वाटते. बस एवढंच. मग आमच्यातल्या एकीने विचारलं तुम्ही इथे का राहता अजून, सगळे तर तिकडे आहेत. एक ठाण्याची मुलगी म्हणाली सगळे तिकडे आहेत म्हणून मी इथे राहू नको का? तिने सांगितलं, 2016 ला महाराष्ट्रात ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा मिळाला, त्याच्या आधी फॉर्मवर आमचा धर्म म्हणजे "इतर". आमची पोरं म्हणाली आम्हाला तिकडे शाळेत "होदी" म्हणतात म्हणजे इंडियन. कुठेच सरळ नाही.

मग मी 1962 ची गोष्ट काढली. तिकडच्या रब्बींनी म्हणजे धर्मगुरूंनी म्हटलं होतं की बेने इस्राएलांशी लग्न लावायच्या आधी त्यांच्या आज्या पणज्या नक्की ज्यू होत्या का तपासा. आमची माणसं पोराबाळांसकट जेरुसलेमला धरणं धरून बसली, माझे एक चुलते पण होते त्यात. 1964 ला क्नेसेटने म्हणजे तिकडच्या संसदेने ठरवलं की बेने इस्राएल सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत, तेव्हा कुठे मिटलं. चौदातल्या एकालाही माहीत नव्हतं. इतिहासाच्या मास्तरांना माहीत होतं पण पुस्तकात दोन ओळी असतात म्हणाले आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत. वाकरूळकर म्हणाली म्हणजे माझ्या आजोबांनी नाव बदललं ते त्याच्या आधी का नंतर? मला माहीत नव्हतं. आजीला विचार म्हटलं.

तारे दिसल्यावर हवदाला म्हणजे शब्बात संपतानाची प्रार्थना, सातवा दिवा, आणि मग ठाणे स्टेशन रोडवर खरेदी, त्याचं वर्णन करत नाही, फक्त एवढंच की चौदा जणांनी मिळून अकरा स्टीलचे डबे घेतले.

दिवस आठवा, रविवार

आठवा दिवा अंधार पडता पडता लावला आणि तो जळत असतानाच बॅगा खाली. काकूंनी प्रत्येकाच्या हातात करंज्यांची पिशवी दिली, ठाण्याची पोरं विमानतळापर्यंत आली. रडारड झाली. लांब्या सगळ्यात जास्त रडला आणि वर म्हणतो धुळीची ॲलर्जी आहे.

विमानतळावर पेझारकरच्या बॅगेतनं सुकं खोबरं काढून घेतलं, ते विमानात चालत नाही, पेट घेतं म्हणे. दीड किलो. तिच्या आजीने सांगून आणायला लावलेलं. तेलाच्या बाटल्या मात्र मोठ्या बॅगेत टॉवेलात गुंडाळून व्यवस्थित पोचल्या.

आल्यावर चार दिवसांनी आमच्या ग्रुपवर दिमोनाहून फोटो. तिकडे वाळवंटात रात्री कडाक्याची थंडी पडते. फोटोत ती छोटी बाटली, आत सगळं पांढरं घट्ट. खाली लांब्याचा मेसेज, खराब झालं का हे, टाकून देऊ? मी लिहिणार तोवर वाकरूळकरचं उत्तर आलं, आजीला विचारून, मराठी शब्द हिब्रू अक्षरांत, "टाकू नको शहाण्या. उन्हात ठेव."